या रानात मराठी कोण बोलतो?

गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात आम्ही एक नकाशा टांगला होता. ड्रॉइंगचे चार कागद जोडून त्यावर बेळगाव आणि खानापूर या दोन तालुक्यांची हद्द उतरवली आणि आठवीच्या मुलांकडून आतला भाग रंगवून घेतला. मथळा होता ‘आपली भाषा, आपला मुलूख’. दोन्ही तालुके एकसारखे गर्द भगवे. रंग लांबून उठून दिसावा म्हणून पोस्टर कलरच्या बाटल्या आणल्या होत्या, त्याचा खर्च समितीने उचलला होता. पालक येत, पाहत, मान डोलावून पुढे जात. आम्हीही नकाशाशेजारी जरा ऐटीतच उभे होतो.

दुपारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांनी चष्मा पुसला, नकाशा डावीकडून उजवीकडे पाहिला आणि खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीपासून भीमगडच्या जंगलापर्यंत बोट फिरवीत विचारले, "गुरुजी, या रानात मराठी कोण बोलतो? गवे?"

मुले खो-खो हसली. आम्हालाही हसावे लागले. पण रात्री झोप काही लवकर लागली नाही.

भूगोल शिकवण्यात आमचे आयुष्य गेले. बी.एड.च्या पाठांपासून ‘वितरणाचे नकाशे’ हे प्रकरण आम्ही किती वेळा फळ्यावर काढले असेल त्याची गणती नाही. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, समघनी पद्धत, कोणती कुठे वापरावी, सारे तोंडपाठ. आणि स्वतःच्या भाषेचा नकाशा काढायची वेळ आली तेव्हा सगळे विसरलो. कारण उघड आहे. हातात ब्रश घेतला तेव्हा आम्ही घोषणा रंगवीत होतो, कागदावर तालुक्याची हद्द होती एवढेच.

वाचकहो, घोषणा आपल्याच माणसांत दिली तर तिची चिकित्सा कोणी करीत नाही. नकाशाचे तसे नसते. तो आपल्या बाजूचा नसलेल्या माणसापुढेही ठेवावा लागतो. त्याने एका ठिकाणी बोट ठेवले आणि आपल्याला उत्तर देता आले नाही, तर उरलेल्या नकाशातले खरेही त्याला खरे वाटत नाही. म्हणून वर्षभर आम्ही तो नकाशा पुन्हा पुन्हा काढला. त्यात काय चुकले होते आणि ते कसे सुधारले, ते सांगण्यासाठी हा लेख.

रंग जमिनीला की माणसांना?

पहिली चूक मोजणीदारांनी दाखवलीच होती. खानापूर तालुका क्षेत्रफळाने बेळगाव तालुक्याहून मोठा, पण बेळगाव तालुक्यात शहर असल्यामुळे माणसे तिथे कितीतरी अधिक. आम्ही दोन्ही सारखेच रंगवले, तेव्हा पाहणाऱ्याच्या नजरेत मोठा ठसा उमटला तो जंगलाचा. जिथे माणूस नाही तिथला रंग सर्वांत जास्त बोलू लागला. शहरातल्या दाटीवाटीच्या गल्ल्या मात्र नखाएवढ्या जागेत गप्प बसल्या.

क्षेत्रघनी पद्धतीचा हा जुना दोष आहे. या पद्धतीचा जगातला पहिला नकाशा म्हणून जो ओळखला जातो, तो १८२६ साली फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ यांनी शिक्षणाच्या प्रसारावर काढला. शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण जिथे कमी, तो जिल्हा अधिक काळा. फ्रान्सचा उजळ भाग कोणता आणि अंधारातला कोणता हे लोकांना प्रथमच एका दृष्टिक्षेपात दिसले आणि त्यावर चर्चा झडल्या. युक्ती मोठीच होती. पण जिल्ह्याच्या आत कुठे शाळा आहे आणि कुठे नाही, हे त्या काळ्या-पांढऱ्यात झाकले जाते, हेही तितकेच खरे.

या पद्धतीचे दोन नियम विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी सांगतो आणि स्वतः मोडले. एक, प्रदेशाला रंग द्यायचा तर तो प्रमाणाचा द्यावा, नुसत्या संख्येचा नाही. शंभरात किती, किंवा एका चौरस किलोमीटरला किती. नुसती संख्या रंगवली तर मोठा तालुका आपोआप गडद होतो. दुसरा, प्रमाण दाखवायचे तर फिक्यापासून गडदापर्यंत एकाच रंगाच्या छटा असाव्यात. आमच्या नकाशात छटाच नव्हती. ‘आहे’ एवढेच होते. किती आहे, याचे उत्तर त्यात नव्हते.

याबाबतचा सर्वांत नीट विचार झाक बर्तँ या फ्रेंच नकाशातज्ज्ञाने मांडला. त्यांचा ग्रंथ १९६७ साली पॅरिसमध्ये निघाला. ज्या वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला तेच हे वर्ष, म्हणून सन आमच्या लक्षात राहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कागदावरच्या खुणेचे आकारमान बदलता येते, गडदपणा बदलता येतो, पोत, रंग, दिशा आणि आकार बदलता येतो. पण प्रत्येक बदल डोळ्याला वेगळी गोष्ट सांगतो. लहान-मोठे आणि फिके-गडद पाहिले की डोळा कमी-जास्त असे वाचतो. तांबडे-निळे किंवा चौकोन-त्रिकोण पाहिले की वेगवेगळ्या जाती वाचतो. लोकसंख्या दाखवायला वेगवेगळे रंग वापरले तर वाचणारा गोंधळतो, कारण तांबडा निळ्याहून जास्त असे कोणाच्या डोळ्याला वाटत नाही. इतके साधे आहे. तरी वर्तमानपत्रांतले कितीतरी नकाशे पाहावेत, दहा तालुके आणि दहा रंग, होळीच्या रंगपेटीसारखे.

दुसऱ्या खेपेस आम्ही टिंब पद्धत घेतली. एक टिंब म्हणजे ठराविक इतकी माणसे. टिंब तालुक्यात कुठेही शिंपडायचे नाही, जिथे वस्ती आहे तिथेच द्यायचे. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे समोर ठेवले. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. वस्ती तांबडी, पाणी निळे, जंगल हिरवे, शेती पिवळी, समोच्चरेषा तपकिरी. गंमत अशी की आपले बेळगाव शहर जवळजवळ ७४ अंश ३० मिनिटे रेखावृत्तावरच वसले आहे आणि जुन्या मालिकेत दोन नकाशांची शीव नेमकी तिथेच येते. म्हणजे शहर पाहायचे तर दोन कागद जोडल्याशिवाय गत्यंतर नाही. जिल्ह्याचे शहर मध्ये चिकटपट्टी लावून पाहावे लागते, याचा ज्याला जो अर्थ लावायचा तो त्याने लावावा.

एका टिंबाची किंमत किती ठेवायची, यात सगळी कला आहे. किंमत मोठी ठेवली तर लहान वाडी नकाशातून पुसली जाते. लहान ठेवली तर शहराच्या जागी टिंबे एकमेकांत मिसळून शाईचा डाग पडतो. आम्ही एका टिंबाला पन्नास माणसे धरली आणि शहरापुरते टिंब सोडून वर्तुळ काढले. वर्तुळ काढतानाही एक खड्डा आहे. चौपट लोकसंख्येसाठी चौपट व्यासाचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ सोळापट होते आणि डोळा पाहतो ते क्षेत्रफळ. म्हणून व्यास दुप्पटच ठेवायचा, वर्गमुळाच्या हिशेबाने. नववीतल्या एका मुलीने हे गणित आमच्याआधी ओळखले.

टिंबे देऊन झाल्यावर त्या रानाकडे पाहिले. भगवा पट्टा गेला होता. हिरव्या जंगलात, एकमेकांपासून दूरदूर, गवळीवाड्यांची आणि लहान वाड्यांची मोजकी टिंबे उरली होती. या रानात कोण बोलतो, याचे उत्तर आता नकाशातच होते. ते उत्तर लहान होते, पण कोणी खोडून काढू शकले नसते.

टिंबांचा विषय निघाला की डॉ. जॉन स्नो यांच्या नकाशाची आठवण काढावीच लागते. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. स्नो यांनी त्या भागाच्या नकाशावर ज्या घरी मृत्यू झाला त्या घरासमोर प्रत्येक मृत्यूची एक आडवी काळी रेघ मारली आणि पाण्याचे पंप दाखवले. रस्ते, रेघा, पंप. बाकी काही नाही. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती रेघांचे ढीग लागलेले कोणालाही दिसतात. नकाशा पाहून पंपाचा दांडा काढला, अशी गोष्ट सांगतात ती मात्र खरी नाही. दांडा ८ सप्टेंबरलाच निघाला होता, नकाशा पुढे तयार झाला. आम्हाला त्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. पंपाजवळच्या गरीबखान्यात शेकडो माणसे राहत असून मृत्यू अगदी थोडे. शेजारच्या दारूभट्टीतले कामगारही वाचलेले. गरीबखान्याची विहीर स्वतःची होती, आणि भट्टीचे लोक त्या पंपाचे पाणी पीत नसत. नकाशातली मोकळी जागाही साक्ष देते, पण ती मोकळी का आहे हे शोधण्याचा प्रामाणिकपणा हवा.

गाव की तालुका?

आता ज्यावर आपला सारा प्रश्न उभा आहे तिथे येतो. नकाशाचा घटक कोणता धरायचा? जिल्हा, तालुका की गाव? आकडे तेच ठेवून घटक बदलला तर चित्र बदलते. समजा एका तालुक्यात दहा गावे आहेत. पश्चिमेच्या चार गावांत शंभरातले नव्वद मराठी आणि पूर्वेच्या सहा गावांत शंभरातले दहा. गावे सारख्या वस्तीची धरली तर तालुक्याचे मराठी प्रमाण ४२ टक्के भरते. तालुका हा घटक धरला तर सगळा तालुका एका रंगाचा, चार गावे नकाशातून गायब. गाव धरले तर मध्ये स्वच्छ रेषा दिसते. दोन्ही नकाशे आकड्यांना धरूनच आहेत.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात साधारणपणे जिल्हा हा घटक मानला. बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका तेवढा वेगळा काढला आणि १९५६ साली तो कोल्हापूर जिल्ह्यात गेला. त्याच सुमारास आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद हरि विनायक पाटसकर यांच्याकडे सोपवला गेला. तिथे गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता ही तत्त्वे लावली गेली आणि १९५९ साली त्यानुसार संसदेने कायदा केला. सीमाभागात पाटसकर सूत्राचे नाव लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु यातल्या तिसऱ्या शब्दाकडे नकाशा काढणाऱ्याने विशेष पाहावे. गावांची यादी कितीही काळजीने केली तरी कोणते गाव कोणाला लागून आहे हे यादीत दिसत नाही. सलगता दिसते ती नकाशातच. म्हणून नकाशा हवा आणि तो गाववार हवा.

गाववार नकाशातही फसवणूक करता येते, हे आम्ही तिसऱ्या खेपेस शिकलो. आम्ही दोनच गट केले होते, पन्नास टक्क्यांच्या वर आणि खाली. दिसायला निकाल स्वच्छ लागतो. पण ४९ टक्क्यांचे आणि ५१ टक्क्यांचे गाव त्यात एकमेकांचे वैरी दिसतात आणि ५१ चे व ९९ चे गाव सख्खे भाऊ. प्रत्यक्षात पहिली दोन गावे एकाच चावडीवर बसणारी असतात. मग पाच गट केले. पाचाहून अधिक छटा ओळखणे डोळ्याला कठीण जाते, आणि तीनहून कमी केले की बारकावे मरतात. गटांच्या मर्यादा कुठे ठेवल्या ते सूचीत आकड्यांनी लिहिले, ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ असे मोघम शब्द ठेवले नाहीत.

सीमेच्या रेषेचाही विचार करावा लागला. पहिल्या नकाशात ती आम्ही जाड मार्करने ओढली होती. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर अडीचशे मीटर झाकते. एखादी अख्खी गल्ली तिच्याखाली जाते. शिवाय रेषेपलीकडे आमचा कागद कोरा होता, जणू बाचीच्या पुढे समुद्रच लागतो. वेंगुर्ला रस्त्याने बाचीहून शिनोळीला जाणाऱ्या माणसाला विचारा, बोली कुठे बदलली? नव्या नकाशात सीमा बारीक करड्या रेषेची आहे आणि चंदगड तालुक्याकडचीही टिंबे दिली आहेत. डोळा आता रेषेवर अडत नाही, टिंबांबरोबर पुढे जातो.

जे आले नाही ते

आकडे आणायचे कुठून? २०११ च्या जनगणनेत मातृभाषेची कोष्टके तालुका आणि शहर या पातळीपर्यंतच छापली गेली. गाववार मिळते ती एकूण लोकसंख्या. म्हणून आमच्या भोवतालच्या गावांपुरती आम्ही घरोघर फिरून यादी केली. शिक्षक, पंच, वरच्या वर्गातली मुले. प्रत्येक माणसाची स्वतःची मातृभाषा विचारायची, कुटुंबप्रमुखाची सर्वांना लावायची नाही, असे ठरले होते. कारण सासरी मराठी आणि माहेरी कन्नड, किंवा त्याच्या उलट, अशी सून नसलेली गल्ली सीमाभागात सापडणे कठीण.

काही गावांच्या याद्या आल्याच नाहीत. तिथे काय दाखवायचे, यावरून समितीच्या बैठकीत वाद झाला. एक जुने सहकारी, आमच्याहून अधिक वेळा लाठ्या खाल्लेले, म्हणाले, "गुरुजी, ती गावं आपलीच आहेत, सगळ्यांना माहीत आहे. रंगवून टाका." आम्ही म्हणालो, सगळ्यांना माहीत असेल तर नकाशाची गरज काय? ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तो आहे, आणि तो पहिला प्रश्न विचारणार तो यादी कुठे आहे हा. दुसरा वाद त्याहून तिखट झाला. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांची टिंबे आपण आपल्या हाताने का काढायची? आमचे उत्तर असे होते की गावात मराठीची वीस टिंबे आहेत एवढ्यावरून काहीच कळत नाही. एकूण चाळीसातली वीस की बावीसातली वीस, हे दिसले तरच वीसला अर्थ येतो. शेजाऱ्याला नकाशातून पुसून काढलेली बहुसंख्या कोण मान्य करील?

मतदान झाले नाही. जुने सहकारी उठून बाहेर गेले, चहा झाल्यावर परत आले आणि म्हणाले, "काढा. पण आपली टिंबे नीट मोजा." ज्या गावांची यादी आली नाही तिथे करड्या तिरप्या रेघा मारल्या आणि सूचीत ‘माहिती मिळाली नाही’ असे लिहिले. पांढरे सोडले नाही, कारण पांढऱ्याचा अर्थ ‘कोणी नाही’ असा होतो.

रंग निवडताना भगवा आम्ही मुद्दाम टाळला. तो आम्हाला प्रिय आहे, म्हणूनच. रंग आधी बोलतो, आकडा मागून. तांबडा-हिरवा ही जोडीही टाळली. त्यांतला फरक न दिसणारी माणसे असतात, आमच्या वर्गातही असा एक मुलगा होऊन गेला. गडद निळा, नारिंगी आणि करडा असे तीन रंग घेतले. पण निवेदनाबरोबर जाते ती झेरॉक्स, आणि तिच्यात तिन्ही रंग काळे येतात. तेव्हा खुणाही वेगळ्या केल्या : मराठीचे भरीव टिंब, कन्नडचे पोकळ, उर्दूचा लहान चौकोन. झेरॉक्सवरून आणखी एक आठवले. नकाशावर ‘एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर’ असे लिहून ठेवले आणि प्रत लहान करून काढली, की ते वाक्य खोटे ठरते. रेषाप्रमाण, म्हणजे आखलेली पट्टी, नकाशाबरोबर लहान होते आणि खरी राहते. म्हणून पट्टी काढावीच.

अक्षरांनी सर्वांत जास्त छळले. आपल्या लिपीत मात्रा, वेलांट्या, अनुस्वार वर आणि उकार खाली. बारीक अक्षरात अनुस्वार रेषेत मिसळला की ‘कंग्राळी’चे भलतेच होते. दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ‘येळ्ळूर’चा ऊकार खालच्या नावाच्या डोक्यावर बसतो. म्हणून गावांची नावे आडवी, टिंबाच्या उजवीकडे, शिरोरेषेवरून एकही ओढा जाणार नाही अशी लिहिली. मलप्रभा आणि मार्कंडेय यांची नावे तेवढी नदीच्या वळणाने निळ्या शाईत. शहराचे नाव आम्ही बेळगाव असे लिहिले. २०१४ पासूनचे सरकारी नाव बेळगावी, तेही सूचीत नोंदवले, म्हणजे अन्य कागदांशी जुळवून पाहणाऱ्याची अडचण होऊ नये. मथळाही बदलला. ‘आपली भाषा, आपला मुलूख’ जाऊन काय दाखवले, कुठले आणि कोणत्या वर्षीचे, एवढेच राहिले. खाली आकडे कसे गोळा केले, ते दोन ओळींत.

यंदाच्या प्रदर्शनात मोजणीदार पुन्हा आले. या खेपेस त्यांनी आधी सूची वाचली, मग पट्टीवर कागदाचा कपटा धरून दोन गावांमधले अंतर मोजले आणि एक ओढा चुकीच्या बाजूने गेल्याचे दाखवले. तो दुरुस्त केला आहे. नकाशा सध्या आमच्या भूगोलाच्या खोलीत आहे. ज्या गावांवर करड्या रेघा आहेत तिथल्या कोणी यादी आणून दिली तर आम्हाला हवीच आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिथेच असतो, आणि टिंबे अजून पेन्सिलीचीच आहेत.